उठलेली गाय विकू नका

सोलापूर जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. गोठ्यात चार एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) संकरित गाई आणि घरची एक देशी खिलार. यजमान नोकरीला बाहेरगावी, त्यामुळे धारा, वैरण, डेअरी सगळं ताईंच्याच अंगावर. आषाढात पहिलारू कालवड दोन दिवस अंबोण खाईना, तिसऱ्या दिवशी लघवी काळपट लाल, कॉफीसारखी झाली आणि डॉक्टर येईपर्यंत ती गेली. महिनाभरात दुसरी गाय व्यायल्यानंतर आठव्या दिवशी बसली. 106 ताप, खांद्यापुढे गाठ. इंजेक्शन, सलाईन झाल्यावर उठली, पण 18 लिटरवरून 7 लिटरवर आली. डॉक्टर म्हणाले, दोन्हींना गोचीड ताप. आता सासरे म्हणतात, ही गाय ‘खराब’ झाली, आजाराचं न बोलता सांगोल्याच्या बाजारात दिवाळीआधी विकू आणि कर्नाटकातून चांगली आणू. दीर म्हणतात, गोचीड खिलारीमुळे आले, तिला आधी काढा. शेजारचे पावसाळा लागला की सगळ्या जनावरांना ‘गोचीड तापाचं इंजेक्शन’ मारून घेतात, तसं आपणही करावं का, असं ताई विचारतात. एक गाय भाद्रपदात व्यायची आहे. आणि शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलंय, ‘कालवडीकडे माझंच लक्ष कमी पडलं का?’

ताई, शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. लाल लघवीचा आजार मोठ्या संकरित जनावराला झाला की दोन-चार दिवसांत खेळ संपतो. पहिल्या दिवशी दिसतं ते एवढंच, की जनावर अंबोण सोडतं आणि रवंथ कमी करतं. आपल्याकडे त्यावर ‘पोट बिघडलं असेल’ म्हणून गूळ-ओवा देऊन एक दिवस जातो, दुसरा दिवस डॉक्टरांच्या वाटेत जातो. तुम्ही काही वेगळं केलं नाहीत. वेगळं काय करता येईल ते खाली लिहिते.

मला तुमच्या पत्रात जास्त महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. कालवडीची लघवी लाल होती, गाठ नव्हती. गाईला गाठ होती, लघवी लाल झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्हींना नाव एकच मिळालं, पण बहुधा हे दोन वेगळे आजार होते.

आपण ज्याला सरसकट गोचीड ताप म्हणतो त्यात निदान तीन आजार येतात. लाल लघवीचा बबेसिया. त्याचे जंतू तांबड्या रक्तपेशीत शिरून वाढतात, पेशी फुटतात आणि पेशीतला रंग लघवीतून बाहेर पडतो. म्हणजे तुम्ही पाहिलंत ते जखमेतून आलेलं रक्त नव्हतं, फुटलेल्या पेशींचा रंग होता. दुसरा थायलेरिया. तो आधी पांढऱ्या पेशींत घर करतो, म्हणून लसिका गाठी सुजतात, ताप 104 ते 107 पर्यंत चढतो, धाप लागते, मग रक्त कमी होतं. तिसरा ॲनाप्लाझ्मा. हा खरं तर परजीवी नव्हे, जिवाणू आहे. त्यात डोळे, हिरड्या, योनीच्या आतली त्वचा आधी पांढुरकी आणि मग पिवळी पडते, शेण घट्ट होतं, पण लघवी लाल होत नाही. तो गोचिडाखेरीज चावऱ्या माशांनी आणि एका जनावराची सुई दुसऱ्याला टोचल्यानेही पसरतो. सरसकट इंजेक्शन मारताना गोठाभर एकच सुई फिरत असेल, तर आजार थांबवायच्या नादात आपणच तो वाटत फिरतो.

गाठ कशी बघायची ते सांगते, कारण हे काम गोठ्यात रोज असणाऱ्या माणसालाच जमतं. गाईच्या डाव्या बाजूला उभ्या राहा. खांद्याच्या सांध्याच्या थोडं पुढे, मान जिथे खांद्याला मिळते तिथे बोटं सपाट ठेवून मागून पुढे सरकवा. निरोगी गाईत कातडीखाली एक लांबट, मऊ, हलणारी गाठ बोटाखालून निसटते, कधी कधी तर सापडतही नाही. थायलेरियात ती टणक होते, लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, आणि लांबूनही फुगवटा दिसतो. दोन्ही बाजू चाचपा. आत्ता, गाई धडधाकट असताना चाचपा, म्हणजे ‘नेहमीची’ गाठ केवढी हे हाताला माहीत होईल.

आजार वेगळे म्हणजे औषधंही वेगळी. थायलेरियावर ब्युपार्व्हाक्वोन चालतं, ते महाग असतं आणि सुरुवातीलाच दिलं तर खरा उपयोग होतो. बबेसियावर डायमिनाझीन, ते पिवळं इंजेक्शन, किंवा इमिडोकार्ब. ॲनाप्लाझ्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन. थायलेरिया झालेल्या गाईला नुसतं पिवळं इंजेक्शन देऊन भागत नाही. लाल लघवीवर ब्युपार्व्हाक्वोनचा भरवसा नाही. दोन आजार एकत्र असू शकतात, त्यामुळे डॉक्टर कधी दोन औषधं देतात, तेव्हा ‘उगाच बिल वाढवलं’ असं लगेच समजू नका.

मग शेजारच्यांच्या त्या पावसाळी इंजेक्शनाचं काय? तुमच्या वर्णनावरून ते बहुतेक डायमिनाझीन असावं. ते आजारावरचं औषध आहे, लस नाही. निरोगी जनावराला आज दिलेल्या डोसाने पुढचे चार महिने गोचीड चावूनही काही होणार नाही, असं कुठलंही इंजेक्शन नाही. इमिडोकार्बचा बबेसियापुरता काही आठवड्यांचा आधार मिळतो, पण कधी द्यायचं हे डॉक्टरांनी त्या जनावराकडे बघून ठरवायचं. थायलेरियावर लस निघाली आहे. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये सांभाळावी लागते आणि गाभण जनावराला देत नाहीत. तुमच्याकडे मिळते का, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवा, वासरांसाठी उपयोगी पडेल. शेजाऱ्यांच्या गोठ्यात कुणी दगावलं नाही ते इंजेक्शनमुळेच, असं मानायला मला तरी काही आधार दिसत नाही. त्यांच्या भिंती कशा आहेत ते एकदा बघून या. त्याबद्दल पुढे.

आता विकण्याचा प्रश्न. सासऱ्यांचं म्हणणं मला कळतं. 18 ची गाय 7 वर आली की रोज सकाळी डेअरीच्या पावतीवर ते बोचतं. पण विकायचीच झाली तर त्या गोठ्यातली ही गाय सगळ्यात शेवटी विकावी, असं माझं मत आहे.

कारण असं, की थायलेरियातून उठलेलं जनावर त्या जंतूंना तोंड द्यायला शिकलेलं असतं. थोडे जंतू रक्तात राहतात, पण तेच पुन्हा गोचिडाने सोडले तरी ती सहसा तशी पडत नाही. अपवाद असतात. जबर ताण, दुसरा मोठा आजार, अवघड वेत यात आजार परत डोकं काढू शकतो. तरीही तुमच्या गोठ्यातल्या जंतूंची ‘परीक्षा’ पास झालेली संकरित गाय आज ही एकच आहे. दूध कमी आहे, कारण रक्त कमी आहे. ते भरून यायला काही आठवडे लागतात. या वेतात ती पूर्ण 18 वर जाईल याची हमी मी देणार नाही, पण पुढच्या वेताला न जाण्याचं काही कारण नाही. तोवर हिरवा चारा, पेंड, खनिज मिश्रण, आणि डॉक्टर सांगतील ते रक्तवाढीचं औषध. डोळ्याची आतली पापणी खाली ओढून आठवड्यातून एकदा बघा. पांढरी होती ती गुलाबी होत जायला हवी.

आणि तिच्या जागी कर्नाटकातली, समजा एखाद्या स्वच्छ, सिमेंटच्या, गोचीड नसलेल्या गोठ्यातली गाय आणली तर? तिने हे जंतू कधी पाहिलेलेच नसतील. ती तुमच्या भिंतीशेजारी बांधली की पहिल्याच आठवड्यात गोचीड चढतील. चावल्यापासून ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. म्हणून बाहेरून आणलेली गाय दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पडते, आणि सगळं गाव म्हणतं, व्यापाऱ्याने आजारी गाय गळ्यात मारली. तसंही होतं, नाही असं नाही. पण अनेकदा व्यापारी बिचारा निर्दोष असतो, गुन्हेगार आपल्याच गव्हाणीच्या फटीत बसलेला असतो.

न सांगता विकण्याबद्दल तुम्ही थेट विचारलं नाही, पण ‘आजाराचं न बोलता’ हे शब्द तुम्ही लिहिलेत, म्हणजे ते तुम्हाला टोचतंय. विकायची वेळ आलीच तर सांगून विका. ती घेणाऱ्याच्या गोठ्यात गोचीड असतील तर ते तिच्याकडून जंतू उचलून त्याच्या गाईंना देतील. त्याला माहीत असेल तर तो फवारून, वेगळी बांधून घेईल. पैसे कमी येतील. पण आज सात लिटर देणाऱ्या, अंगाने उतरलेल्या गाईला बाजारात तसेही किती येणार? तिच्यावर सहा महिने खर्च करून, अंगावर येऊन, पुन्हा गाभण राहिल्यावर विकली तर फरक सासऱ्यांनाच दिसेल. हा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडा. नीतीपेक्षा तो त्यांना लवकर पटेल असा माझा अंदाज आहे.

खिलारीवरचा आरोप अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टी फार त्रास देतात. देशी जनावरांच्या रक्तात हे जंतू गुपचूप असू शकतात, त्यांना काही होत नाही, आणि तिचं रक्त पिऊन मोठा झालेला गोचीड पुढे एचएफला चावला की आजार जातो. पण खिलारीच्या अंगावर संकरित गाईच्या मानाने गोचीड कमीच टिकतात. शिवाय आता तुमची उठलेली गायही जंतू बाळगून आहे. खिलार गेली म्हणून साखळी तुटत नाही.

हा वाद जुना आहे. अमेरिकेत दक्षिणेकडच्या टेक्सासची धडधाकट गुरं उत्तरेत नेली की ज्या वाटेने ती गेली तिथली उत्तरेची गुरं लाल लघवी होऊन मरायची. दक्षिणेची गुरं मात्र ठणठणीत. शेतकरी म्हणत, हे गोचिडाचं काम आहे. शिकलेले लोक हसत. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या संशोधकांनी मग कुरणं कुंपण घालून वेगळी केली. एकात दक्षिणेची गुरं गोचिडांसकट ठेवली, एकात त्यांच्या अंगावरचे गोचीड वेचून काढून ठेवली, आणि एकात गुरं नाहीत, नुसते गोचीड सोडले. वेचलेल्या गुरांसोबतची उत्तरेची गुरं ठीक राहिली. नुसते गोचीड सोडलेल्या कुरणात आजारी पडली. 1893 मध्ये त्यांनी हे छापलं. तुमच्या दीरांना एवढंच सांगा, खिलारीला काढण्यापेक्षा तिच्यावरचे गोचीड काढू.

आता गोचीड. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण खर्च आणि कष्ट इथेच लागतात, आणि चुकतंही इथेच.

तुमच्या गोठ्याची भिंत दगडमातीची आहे आणि गव्हाण जुनी, असं तुम्ही लिहिलंय. थायलेरिया पसरवणारा गोचीड, हायलोमा, याला असल्याच फटी लागतात. तो आयुष्यात जनावरावर थोडाच वेळ असतो. रक्त पिऊन उतरतो, फटीत जाऊन कात टाकतो, पुन्हा चढतो. लहान वयात जंतू घेतो आणि कात टाकून मोठा झाल्यावर पुढच्या जनावराला देतो. मादी शेवटी फुगून पडते, फटीत हजारो अंडी घालते आणि मरते. लाल लघवीवाला गोचीड वेगळा. तो पिल्लू म्हणून गाईवर चढला की तीनेक आठवडे तिच्यावरच राहतो, फक्त मादी अंडी घालायला खाली पडते, आणि जंतू अंड्यांतूनच पुढच्या पिढीत उतरतात. त्याची पिल्लं गवतात, बांधावर असतात. म्हणजे एकासाठी भिंत आणि दुसऱ्यासाठी अंग, दोन्हीकडे हात घालावा लागतो. तुम्ही फक्त गाईंवर फवारता, म्हणून महिन्यात पुन्हा ‘आले कुठून’ असं होतं.

एका रात्री नऊ-दहा वाजता बॅटरी घेऊन गव्हाणीच्या मागची बाजू, खुंट्याच्या बुडाची माती, भिंतीचे दगड जिथे मिळतात ती सांद बघा. जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने थोडं खरवडा. काय निघतं ते बघून सासरे स्वतःच गवंडी बोलावतील.

भिंतीला किमान गव्हाणीच्या वर दोन-तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घ्या. पूर्ण नाही जमला तर फटी बुजवा आणि चुना मारा. औषध भिंतीवर, गव्हाणीच्या बाहेरून, दाव्याच्या खुंट्यांवर फवारा. गव्हाणीच्या आत फवारलं तर धुऊन, वाळवून मगच वैरण टाका. काही जण फ्लेमगनने फटी भाजतात. उपयोग होतो, पण जनावरं बाहेर, कडबा लांब, पाण्याची बादली जवळ, आणि छप्पर पाचटाचं असेल तर अजिबात नको. उकिरडा गोठ्याला लागून असेल तर हलवा. कोंबड्या सोडल्या तर त्या पडलेले गोचीड वेचतात हे खरं आहे, फटीतले त्यांना मिळत नाहीत एवढंच.

अंगावरची फवारणी सगळ्या जनावरांना एकाच दिवशी, खिलार आणि शेळ्या असतील तर त्याही. ऊन उतरल्यावर करा, आधी पाणी पाजा, म्हणजे अंग चाटणार नाहीत. पाठीवर भरपूर आणि कानात काहीच नाही, अशी फवारणी मी फार पाहिली आहे. गोचीड असतात कानाच्या आत, शेपटीखाली, जांघेत, कासेच्या मागे, मानेच्या पोळीत. तिथे हाताने, हातमोजे घालून, कापडाने लावा. कास धुऊन मगच धार काढा. प्रमाण बाटलीवर लिहिलेलंच, सिरिंजने मोजून घ्या. ‘झाकणभर टाकलं’ यात औषध कमी पडतं, मरायचे ते मरतात आणि चिवट ते उरतात. डेल्टामेथ्रीन आणि सायपरमेथ्रीन ही एकाच घराण्यातली. एकाने गोचीड मरेनासे झाले म्हणून दुसरं आणलं तर बदल झाला तो फक्त लेबलचा. डॉक्टरांना विचारून अमिट्राझसारखं वेगळ्या गटातलं घ्या. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा, पावसाळाभर. कपाशीचं, भाजीचं कीटकनाशक चुकूनही नको. दुधाच्या गाईला आयव्हरमेक्टिन नको, ते दुधात उतरतं. आणि ही औषधं मांजराला लावू नका.

हाताने वेचलेले गोचीड बोटांत चिरडायची सवय असेल तर ती आजच सोडा. हायलोमातून माणसालाही क्रायमियन काँगो ताप होऊ शकतो. गुजरातेत 2011 मध्ये त्याने माणसं दगावली आहेत. हातमोजे घाला, चिमट्याने ओढा, रॉकेल किंवा औषधाच्या पाण्याच्या डबीत टाका.

राहिलं रक्त तपासणीचं. पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढंच म्हणा, ‘इंजेक्शन देण्याआधी कानाची पट्टी घ्या.’ कानाच्या शिरेतून एक थेंब काचपट्टीवर ओढून पसरतात, दोन पट्ट्या पुरतात. औषध गेल्यावर घेतलेल्या पट्टीत जंतू सापडतीलच असं नाही. मात्र अहवाल येईपर्यंत उपचार थांबवायचे नाहीत. पट्टी घ्यायची, औषध सुरू करायचं, अहवाल आल्यावर लागलं तर बदलायचं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात चौकशी करा. डॉक्टर मिळत नसतील तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पथकाची मागणी नोंदवता येते. आणि एक खोचक वाटेल पण सांगते. जे डॉक्टर पट्टी घेतो म्हणाल्यावर चिडतात, त्यांच्याऐवजी दुसरे बघायला हरकत नाही.

आता भाद्रपदात व्यायची गाय. व्यायच्या आसपास जनावराची ताकद कमी होते आणि आत दडलेला आजार तेव्हाच उठतो. दुसरी गाय आठव्या दिवशी पडली ते उगाच नव्हे. आजपासूनच तिला गिलावा झालेल्या बाजूला बांधा, नाहीतर अंगणात वेगळी. एक साधा थर्मामीटर घ्या. व्यायच्या आधी दहा दिवस आणि नंतर तीन आठवडे रोज सकाळी, उन्हं चढण्याआधी, ताप बघून कॅलेंडरवर लिहा. गाईचा नेहमीचा 101 ते 102.5 असतो. दुपारी उन्हात एचएफचा थोडा चढतोच, म्हणून वेळ सकाळचीच ठेवा. व्यायच्या आदल्या दिवशी तो अर्ध्या-एक अंशाने उतरतो, त्याने घाबरू नका. 103 च्या वर गेला आणि तिने अंबोण सोडलं, की ओव्याची पुरचुंडी बाजूला ठेवून त्याच सकाळी फोन करा. फोनवर ताप किती, लघवीचा रंग कसा, गाठ आहे की नाही, डोळ्याची पापणी गुलाबी की पांढरी, या चार गोष्टी सांगितल्यात तर डॉक्टर पिशवीत योग्य औषध घेऊनच निघतील.